बांधापल्याडचं बोलणं

देऊळगाव राजाच्या स्टँडवरून बुलढाण्याची गाडी सुटली तेव्हा तानाबाईच्या फोनवर तिच्या नवऱ्याचा चेहरा होता, आणि तिला चेहरा नको होता.

“हात दाखव, धम्मू! तोंड काय दाखवून राह्यला बे कवाचा? हात दाखव काकाचे!”

“काकू, चेहरा दिसला म्हणजे तुले बी जरा धीर…”

“मले धीर नको. हात पाह्यजे.”

फोन तिकडे हलला. दवाखान्याचं छत दिसलं, सलाइनची बाटली दिसली, धम्मरत्नच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं आणि मग भाऊरावचे हात. उजवा हात पोटाकडून वर निघाला होता, बोटं अर्धवट उघडली होती. तेवढ्यात गाडीनं गावाबाहेरचं वळण घेतलं आणि हात होता तिथंच थांबला. आता पुढं सरकेल, मग सरकेल म्हणून तानाबाई बघत राहिली. सरकला नाही.

भाऊराव जन्मापासून बहिरा. शाळेचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही, त्यामुळे बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्याला येत नव्हती. त्याला येत होती ती जानेफळच्या त्यांच्या घरात तयार झालेली. त्याच्या आईनं ती सुरू केली, लग्न होऊन आल्यावर तानाबाईनं वाढवली, आणि म्हातारी गेल्यावर ती समजणारं जगात एकच माणूस उरलं. मूलबाळ झालं नाही. पुतण्या धम्मरत्न जीव लावणारा, पण बरीच वर्षं पुण्याला काढून आलेला. त्याला जेव, ये, पाणी, झोप एवढ्याच खुणा यायच्या. तेवढ्यावर माणसाला जेवू घालता येतं. त्याचं ऑपरेशन करता येत नाही.

तानाबाई भाची रेणुकाच्या बाळाच्या बारशाला म्हणून देऊळगावला आली आणि रेणुकानं तिला ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी ती आणि भाऊराव फोनवर बोलत. रेणुकाच्या घरी तारेचं नेट होतं, चित्र आरशासारखं यायचं. भाऊराव बोटांच्या टोकांनी तिला गावभरच्या चहाड्या सांगायचा आणि रेणुकाच्या सासूला वाटायचं, ही बाई एकटीच हसते. आज सकाळी धम्मरत्नचा फोन आला: काका अंगणात पोट धरून पडलेले सापडले, मेहकरला नेलं, तिथून बुलढाण्याला पाठवलं, तू निघ. ती निघाली. तिथंच बसून राहिली असती तर रेणुकाच्या ओट्यावरून सगळं नीट बोलता आलं असतं, हे तिला गाडी सुटल्यावर कळलं, जेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आली.

“मावशी, त्यांच्या जांघेत हर्निया आहे. जुना आहे. तुम्हाला माहीत होतं?”

तानाबाईला माहीत होतं. तो फुगा भाऊराव हातानं आत दाबायचा आणि दवाखान्याचं नाव काढलं की शेतात निघून जायचा.

“त्यात आतडं अडकलंय. लवकर सोडवलं नाही तर आत सडेल. मी ऑपरेशनला तयार आहे, पण ते हात लावू देत नाहीत. सुई लावली की उपटतात. दोनदा झालं.”

“भेले असतीन, बाई.”

“भ्यालेत, दिसतंय ना. पण कशाला, ते मला कळत नाही आणि मी काय म्हणते ते त्यांना कळत नाही. शुद्धीत असलेला माणूस आहे, त्याला न सांगता मी कसं कापू? तुम्ही समजवा. थोडा वेळ मी थांबते.” मग आवाज जरा खाली आला. “फार वेळ नाही थांबता येणार. मग हात बांधून न्यावं लागेल.”

तानाबाईनं ते ऐकलं आणि तिच्या मनात तेवढंच राहिलं. बाकी सगळं, आतडं, सडणं, ऑपरेशन, हे डॉक्टरचं काम होतं. हात बांधणं वेगळं. भाऊरावचे हात बांधले म्हणजे त्याचं तोंड बांधलं. आणि आतल्या खोलीत, अनोळखी माणसांत, का बांधलं हेही त्याला विचारता येणार नव्हतं.

तेव्हापासून ती फोन एका हातात धरून दुसऱ्या हातानं बोलत होती. एका हातानं अर्धीच भाषा होते. गाडी आदळली की तीही सांडत होती.

“काऊन एवढे हातवारे करून राह्यली, बाई?” शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं. पुंजाजी त्याचं नाव; ते त्यानं स्टँडवरच सांगितलं होतं, आणि चिखलीला चष्म्याच्या दुकानात चाललोय हेही. “कोणासंग भांडण चालू हाय का?”

“मालकासंग बोलतो.”

“मंग बरोबर. भांडणच.”

तानाबाई हसली नाही. फोनवरचं चित्र काळं झालं होतं आणि त्यावर अक्षरं आली होती: नेटवर्क कमजोर असल्यामुळे व्हिडिओ थांबवला आहे. खालून धम्मरत्नचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. “काकू, हॅलो, काकू, ऐकू येऊन राह्यलं का?” त्याच्या मागं भाऊरावचा आवाजही येत होता, तो दुखलं की काढायचा तो, नाकातून निघणारा. चाळीसेक वर्षांत तो आवाज तिनं फार कमी वेळा ऐकला होता.

“आवाज तर खणखणीत हाय,” पुंजाजी म्हणाला. “बोल की.”

“त्याइले ऐकू नाही येत, दादा.”

“अन् मंग फोन?”

“पाहून बोलतो आमी. हातानं.”

पुंजाजीनं फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे हा फोन उलटाच हाय. नेट कमी झालं तं ठेवायचं ते टाकून देते, अन् टाकायचं ते ठेवते.”

“हाव.”

“आण इकडं. मी धरतो. तू दोन्ही हातानं बोल.”

त्यानं फोन धरला. चित्र परत आलं, पण त्यात निम्मा पुंजाजीचा अंगठा होता. तानाबाईनं अंगठा बाजूला केला. मग भाऊरावला बघायचा मोह न आवरून पुंजाजीनं फोन स्वतःकडे वळवला आणि दवाखान्यात भाऊरावला अचानक एक पांढऱ्या मिशांचा परका माणूस दिसला.

“दादा, तुमाले नाही पाह्याचं! मले पाह्याचं!”

“हो हो. पाहून घेतलं. मानूस चांगला दिसते.”

फोन पुन्हा तिच्याकडे आला. भाऊराव खाटेवर अर्धवट उठून बसलेला होता, डोळे सरळ तिच्यावर, एकदम स्थिर. ऐकतोय, तानाबाईला वाटलं. कधी नव्हे तो शांत होऊन ऐकतोय. तिनं घाईनं, बोटांनी, घरच्या भाषेत सांगायला सुरुवात केली: ती बाई चांगली आहे, पोटात गाठ अडकली आहे, ती सोडवायची आहे, झोपवतील, उठशील, घाबरू नको, सुई काढू नको, मी गाडीत आहे. सगळं सांगून झालं. भाऊराव तसाच बघत होता. पापणीसुद्धा हलली नव्हती.

पापणी हलली नाही, हे लक्षात आलं तेव्हा तिनं वाकून फोनची काच बोटानं ठोकली.

“काकू,” धम्मरत्नचा आवाज आला, “तू कवाची पुतळ्यावाणी बसली? काका फोनले थापडा मारून राह्यले. तू बोलत काऊन नाही?”

म्हणजे इकडे तो गोठला होता आणि तिकडे ती. दोघंही एकमेकांच्या थिजलेल्या तोंडाकडे बघत बसले होते. बोलणाऱ्या माणसाचा आवाज तुटला तर समोरच्याला निदान तुटल्याचं कळतं. यांच्यात तुटलेलं माणूस मन लावून ऐकणाऱ्या माणसासारखं दिसायचं.

गाडी देऊळगाव महीच्या पुढं आली. चित्र येत होतं, जात होतं. आलं तरी धड नव्हतं: जिथं नवा तुकडा पोचत नव्हता तिथं जुनाच तसाच राहायचा, आणि भाऊरावचा मघाचा हात व आताचा हात एकाच वेळी दिसायचे, मध्ये चौकोनी ठिगळं. एवढ्यात तिला एक खूण पुरी दिसली. दोन्ही हातांची मनगटं एकावर एक. नाही. परत चित्र तुटलं, परत आलं, परत तेच. नाही. कशाला नाही, ते ठिगळांत गेलं.

“मागच्या शिटाहीवर येते रेंज,” पुंजाजी म्हणाला. ती मागं गेली. मागं गाडी जास्त उडत होती. ती पुढं आली. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिली. कंडक्टर मुलगी तिच्याकडे बघून बघून थकली.

“मावशी, बसून घ्या ना. पडान कुठं तरी.”

“पोरी, गाडी थोडी थांबते का?”

“काऊन? मळमळून राह्यलं?”

“फोनसाठी.”

“फोनसाठी गाडी थांबवली तं माही नोकरी थांबीन, मावशी.”

“काकू,” धम्मरत्न सांगत होता, आणि त्याचा आवाज आता रडवेला झाला होता, “मॅडम म्हणून राह्यल्या, आता जास्त थांबता येत नाही. मी सही करून देऊ का? दोन वॉर्डबॉय बोलावले त्याहिनी.”

“नको करू.”

“काकू, उशीर झाला तं…”

“थोडं थांब, धम्मू. मी सांगतो तोपर्यंत थांब.”

काय सांगणार होती, ते तिला माहीत नव्हतं. खिडकीबाहेर काळी रानं मागं पळत होती. गाडी जितकी पुढं जाईल तितकी ती भाऊरावच्या जवळ जाणार होती आणि जितकी गाडी पळेल तितका तो तिच्या हातून सुटणार होता. पुढं एका फाट्यावर झाडांच्या वर मोबाइलचा टॉवर दिसला. लाल-पांढरा, रस्त्याच्या अगदी कडेला.

“मले इथं उतरव.”

“तिकीट बुलढाण्याचं हाय तुमचं,” कंडक्टर मुलगी म्हणाली. “मागची गाडी कवा येईन काही भरवसा नाही, मावशी. बसल्या तं जेवणाच्या वक्ताले दवाखान्यात असान.”

तिचं चुकत नव्हतं. पोचल्यावर सगळं सोपं होतं: समोर उभं राहायचं, बोलायचं. पण तोवर हात बांधलेले असते, किंवा आतडं गेलेलं असतं. तानाबाईनं पिशवी उचलली.

“उतरव.”

मुलीनं दोरी ओढली. पुंजाजी खिडकीतून ओरडला, “मालकाले सांगजो, पुंजाजीनं रामराम घातला म्हणून!” आणि गाडी धूळ उडवून गेली.

उतरल्यावर कळलं की फाट्यावर बाजार भरलेला आहे. टॉवर डोक्यावर होता. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या भरल्या होत्या. आणि चित्र तरी येईना. तानाबाई टॉवरच्या आणखी जवळ गेली. फोन वर धरला, खाली धरला, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून पलीकडे गेली, परत आली.

“टावरले किती बी चिकट, काही नाही होत,” केळीच्या हातगाडीवरची बाई म्हणाली. मघापासून ती तिच्या येरझाऱ्या बघत होती. “बाजाराच्या दिवशी एवढे सगळे फोन एकाच टावरले लोंबकळतात. माह्या पोराचा व्हिडिओ दिवसभर गोलच फिरते.”

“मंग कुठं येते?”

“जरा बाहेर जा. ह्या अंगाले, वावराकडं. गर्दी नाही तिकडं.” मग तिनं तानाबाईचा चेहरा नीट पाहिला आणि तराजू खाली ठेवला. “कोण हाय दवाखान्यात?”

“मालक. बहिरे हायेत. हातानं बोला लागते अन् फोन धराले कोणी नाही.”

“चाल.”

विमलबाई तिचं नाव. केळीवर पोतं टाकून ती निघालीच, हातात एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट घेऊन. बाजार संपतो तिथं नुकतंच हरभरा काढलेलं वावर होतं. तिनं कॅरेट बांधावर उभं ठेवलं, त्यात एक दगड टाकला आणि फोन दगडाला टेकवला.

“आता सर मांगं. नाही, अजून मांगं. हात कटून राह्यले तुहे. अजून.”

तानाबाई मागं मागं सरकत वावरात गेली. ढेकळांत पाय वळत होते. आता तिला फोनवरचं काहीच नीट दिसेना. एवढ्या लांबून तो खिडकीएवढासुद्धा नव्हता, काडेपेटीएवढा होता.

“आला!” विमलबाई कॅरेटपाशी वाकून ओरडली. “मानूस आला खाटेवरचा! थांबला. हलला. थांबला.”

“काय करते?”

“पाहून राह्यला. फोन तोंडापाशी नेऊन पाहून राह्यला.”

बुलढाण्यात त्या वेळी काय दिसत होतं, ते तानाबाईला पुढं धम्मरत्ननं सांगितलं. चित्र पुसट होतं आणि एकेक करून येत होतं, मध्ये बराच वेळ काही नाही. काळं रान, वर आभाळ, आणि मध्ये हिरव्या लुगड्याची एक छोटीशी बाई. तोंड दिसत नव्हतं, बोटं दिसत नव्हती. भाऊराव त्या छोट्या बाईकडे बघत राहिला. मघापासून तो फोनला मारत होता, तो थांबला.

“हात वर केला!” विमलबाई ओरडली. “एक हात. सरळ वर. अन् धरूनच राह्यला, खालीच घेईना. काय म्हणते तो?”

तानाबाई वावरात जागच्या जागी उभी राहिली.

जानेफळला त्यांच्या रानाच्या मधून नाला जातो. पावसाळ्यात तो भरला की पलीकडे जाता येत नसे. भाऊराव पलीकडच्या तुकड्यात असायचा, तानाबाई भाकरी घेऊन अलीकडच्या बांधावर. हाक मारून उपयोग नव्हता. बोटांची भाषा एवढ्या लांबून दिसत नव्हती. म्हणून त्यांनी दुसरी केली होती, अख्ख्या हातांची, अख्ख्या अंगाची. तिचे कायदे वेगळे होते. एका वेळी एकच गोष्ट. ती करायची आणि तशीच धरून ठेवायची; समोरचा मान खाली घालून काम करत असेल, डोळ्यांवर ऊन असेल, मध्ये बैल आडवा आला असेल. समोरच्यानं पाहिली की त्यानं तीच्या तीच परत करायची. परत आली की मग हात खाली घ्यायचा आणि पुढची. परत आली नाही तर खांदा मोडला तरी हात तसाच. आणि सगळं बोलणं संपलं की शेवटी ज्याला कळलं त्यानं पाठ फिरवून चालू पडायचं. पाठ दिसली म्हणजे पोचलं.

धम्मरत्ननं दोघांना फोन घेऊन दिले आणि ती भाषा मागं पडली. फोन खिशात थरथरायचा, भाऊराव काढून बघायचा, बोटांनी बोलायचा. नाल्यावरून हात करायचं कारण उरलं नाही.

एक हात सरळ वर: मी इथं आहे, मला बघ.

तानाबाईनं हात वर केला. तसाच धरला.

“त्यानं खाली घेतला!” विमलबाई म्हणाली. “दिसलं त्याले!”

आता तिची पाळी. ऑपरेशनला बांधावरची खूण नव्हती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि थांबली. विमलबाईच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण काडेपेटीतलं तिला दिसत नव्हतं.

“पोट धरलं त्यानं बी.”

मग ती वाकली, जमिनीतून काहीतरी मुळासकट उपटल्यासारखा हात वर नेला आणि लांब फेकल्याच्या जागी आडवा धरून ठेवला. निंदणाची खूण. तण काढून टाकायचं. मध्ये बाजारातून कुणाच्या तरी भोंग्याचा आवाज येत राहिला. हाताला कळ लागली.

“नाही आलं… थांबलेलं हाय चित्र… थांब, धरून ठेव… हां! आलं. त्यानं बी तसंच केलं, खाटेवरून. ती नळीची बाटली पडता पडता राह्यली.”

पोट. उपटून टाकणं. आता हाताचा मोठा गोल, डोक्यावरून: काम संपलं, घरी. तिनं गोल काढून हात वर थांबवला.

हे परत आलं नाही.

“काय करते?”

“दुसरंच करून राह्यला काहीतरी. मी कशी सांगू, बाई? ओठावरून हात असा नेते, वाकडा. अन् मंग हात आडवा, खाली. जमिनीकडं दाबल्यावानी. तसाच ठेवला.”

तानाबाईला विचारावं लागलं नाही. ओठावरून वाकडा हात म्हणजे मिशा. मिशा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, धम्मरत्नचा बाप. त्यालाही बुलढाण्यालाच आणलं होतं, असाच पोट दुखतं म्हणून, असाच खाटेवरून आत नेला होता. बाहेर आला तो चादरीत. भाऊराव तेव्हा दाराबाहेर उभा होता आणि आत काय झालं ते त्याला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. तानाबाईनं सांगितलं तेही घरी आल्यावर, खूप दिवसांनी. आता त्याच भावाचा मुलगा त्याला तसाच घेऊन आला होता. हे त्यानं सकाळपासून बोटांनी सांगितलं असणार, पुन्हा पुन्हा, ठिगळांत गेलेल्या प्रत्येक खुणेत.

भावासारखा मी मातीत.

आणि कायदा असा होता की आधी त्याचं त्याला परत करायचं. नाही म्हणायचं असलं तरी आधी ते परत करायचं, नाहीतर आपलं पोचलंच नाही असं तो समजेल आणि हात खाली घेणार नाही. तानाबाईनं ओठावरून हात नेला. मग तोच हात आडवा करून मातीकडे दाबला. नवऱ्याला स्वतःच्या हातानं मातीत घातल्यासारखं ते दिसलं आणि ती ते धरून उभी राहिली.

“बाई, तू रडून राह्यली,” विमलबाई म्हणाली.

“त्यानं हात घेतला का खाली, ते सांग!”

“घेतला. आता घेतला.”

तेव्हा तानाबाईनं दोन्ही हातांची मनगटं डोक्यावर नेऊन एकावर एक धरली. नाही. पाय फाकवून, अंगात होतं तेवढं सगळं त्यात घालून. नाही. मग पुन्हा पोट, पुन्हा उपटून टाकणं, पुन्हा मोठा गोल. प्रत्येक वेळी विमलबाई सांगायची, आलं, आणि ती पुढं जायची. गोल यायला सगळ्यांत उशीर लागला. मध्ये चित्र गेलंच होतं, विमलबाई फोनला शिव्या देत होती, धम्मरत्नचा आवाज “काकू, मॅडम विचारून राह्यल्या” असं म्हणत होता, त्याला विमलबाईनंच उत्तर दिलं, “मॅडमले म्हणा गप उभी राह्य, बोलणं चालू हाय इथं.” आणि मग ती एकदम सरळ उभी राहिली.

“गोल केला! मोठा! पुरा!”

तानाबाईचे हात लटकत होते. पण भाऊरावचं संपलं नव्हतं.

“आता तुह्याकडं बोट,” विमलबाई सांगू लागली. “बोट खाली घेतलं. आता दोन्ही पंजे खाली दाबते, बस म्हटल्यावानी. तसेच ठेवले.”

तू तिथंच थांब.

तानाबाईनं पंजे दाबले, परत केलं.

“आता स्वतःच्या छातीवर हात. अन् पुन्हा तोच गोल.”

मी येतो.

हे तो रोज म्हणायचा, ती दिवस कलता बोलवायला गेली की. तू तिथंच थांब, नाल्यात उतरू नको, एवढी पात, ही निंदायची ओळ, संपवून मी येतो. तानाबाई रोज चिडायची. पात संपायची नाही, भाकरी गार व्हायची. तिनं छातीवर हात ठेवला, डोक्यावरून गोल काढला आणि परत केलं.

आता एकच राहिलं होतं.

विमलबाईच्या समोरच्या त्या काडेपेटीत, एवढुसा, तो होता. पुढं जाऊन फोन हातात घ्यावा, डोळ्यांजवळ न्यावा, त्याचं तोंड एकदा नीट बघावं, तेच तोंड जे गाडीत तिला नको होतं. चार पावलं टाकली की झालं असतं. पण ती फोनकडे आली तर त्याला काय कळणार? काही राहिलंय, ती अजून बोलतेय. तो हात वर धरून बसला असता.

तानाबाईनं पाठ फिरवली आणि वावरात चालू लागली.

“अवं, कुठं चालली? तो हायेच ना अजून!” विमलबाई मागून ओरडली. “अवं बाई!”

ती चालत राहिली. हरभऱ्याचे खुंट पायाला टोचत होते. मागं वळून पाहायचं नाही, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात होता. चित्र तिकडे थांबून थांबून पोचत होतं; मागं वळून बघतानाचं तिचं तोंडच नेमकं पोचायचं. ती समोरच्या बांधापर्यंत गेली. तिथं बाभळीखाली, फोनला दिसणार नाही अशा जागी, जरा वेळ उभी राहिली. परत आली तोवर फोन बंद झालेला होता.

“गेला,” विमलबाई म्हणाली. “तू वळली अन् मंग चित्र गेलंच. त्याले दिसलं का नाही, मले नाही सांगता येत.”

तानाबाईनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. रस्त्यापर्यंत चालत आली, पुन्हा लावला. विमलबाईनं तिच्या हातात दोन केळी दिली. ती तिनं पिशवीत टाकली आणि लगेच, टाकली की नाही हे बघायला, पुन्हा पिशवी उघडली. शेवटी फोन तिकडूनच आला. चित्र नव्हतं. नुसता धम्मरत्नचा आवाज.

“काकू, तू पाठ काऊन फिरवली? नाराज झाली का?”

“काय झालं ते सांग.”

“तू असं पाठ करून चालली गेली, मले तं कससंच झालं. काका पाहत राह्यले पाहत राह्यले, अन् मंग हात खाली घेतला. अन् सिस्टरपुढं मनगट केलं, काकू. सोताहून. आत्ताच आत नेलं. मॅडमनं सांगतलं, वेळेत हाय.”

“अन् हात?”

“काय हात?”

“बांधले का त्याचे?”

“नाही. मोकळे हायेत.”

तानाबाईनं फोन बंद केला. तिथंच थांब, असं तो म्हणाला होता. पात संपायला किती वेळ लागतो, हे तिला माहीत होतं, आणि थांबणं तिला आजवर कधी जमलेलं नव्हतं.

“बुलढाण्याची गाडी?” तिनं विचारलं.

“गाडीच्या भरवशावर नको राहू. जे येईन त्याले हात कर.”

ती रस्त्याच्या कडेला गेली. देऊळगावकडून धुळीत काहीतरी येत होतं. जीप आहे की ट्रक, ते अजून दिसत नव्हतं. तानाबाईनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.